आज्ञा देवाची की धर्मगुरूंची? पंडिता रमाबाईंचा एक जुना वाद

मे १८८५. इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयातून २७ वर्षांच्या एका मराठी विधवेने वाँटेजच्या मठातील एका अँग्लिकन भगिनीला पत्र लिहिले. बाप्तिस्मा घेऊन तिला अद्याप दोन वर्षेही झाली नव्हती. पत्राचा आशय असा होता : हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने आता कुठे मानेवरून उतरवले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जोखड घालून घेण्याची तयारी नाही. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणे ही एक गोष्ट, आणि धर्मगुरूच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द ही देवाची आज्ञा समजणे ही निराळी गोष्ट.

पत्र लिहिणाऱ्या पंडिता रमाबाई. पत्र ज्यांना गेले त्या सिस्टर जेराल्डीन, रमाबाईंच्या धर्ममाता. छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणे, आणि म्हणून रमाबाईही पत्रात त्यांना आजीबाईच म्हणत. घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी वाद घालावा तशा जिव्हाळ्याने आणि तशाच हट्टाने हा पत्रव्यवहार चालला होता.

रमाबाई ख्रिस्ती का झाल्या, यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ बोलले गेले आहे. त्या मानाने दुसरा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. ख्रिस्ती झाल्यावर ‘देवाच्या इच्छेप्रमाणे जगणे’ याचा अर्थ त्यांनी काय लावला? त्या अर्थापायी त्यांना बिशपांशी, पुण्यातील सुधारकांशी, सरकारी अधिकाऱ्यांशी आणि काही वेळा स्वतःच्या शब्दाशीही झगडावे लागले. तो झगडा समजून घ्यायचा तर आधी एका वृद्ध शास्त्र्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत मागे जायला हवे.

अनंतशास्त्री डोंगरे हे कर्मठ वैष्णव होते, पण एका बाबतीत त्यांनी परंपरेशी उघड भांडण घेतले होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवले. या अपराधाबद्दल उडुपीच्या धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला, आणि तेथे त्यांनी शास्त्रवचनांचे आधार देऊन आपली बाजू मांडली. पुढे गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. १८५८ मध्ये तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. बापाचे वय झाल्यामुळे मुलीला शिकवले ते आईने, पहाटे, घरातली कामे सुरू होण्याआधी. मूल काही महिन्यांचे असतानाच आश्रम मोडला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुढची कित्येक वर्षे देवळांच्या आवारात पुराणे सांगत ते हिंडत राहिले.

जवळचे द्रव्य दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपले. दुष्काळ पडला. शास्त्र्याच्या घरातील माणसांना मजुरी येत नव्हती आणि भीक मागणे जमत नव्हते. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते अंगावर काटा आणते. पाने खाऊन दिवस काढल्यावर अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. मुलाने, श्रीनिवासाने, आपण जातीचा अभिमान सोडून मजुरी करू असे म्हणून त्यांना परावृत्त केले. तरीही १८७४ मध्ये ते गेलेच. त्यांच्यामागे थोड्याच काळात पत्नी आणि थोरली मुलगी याही गेल्या.

निरोपाच्या वेळी या वृद्धाला जवळजवळ काहीच दिसत नव्हते. त्याने धाकट्या मुलीला कवेत घेतले, तिच्या डोक्यावरून आणि गालांवरून हात फिरवला, आणि सांगितले की तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर केवळ त्याचीच सेवा कर. हे शब्द रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात, पूर्ण ख्रिस्ती श्रद्धेने लिहिलेल्या पुस्तकात नोंदवले आहेत. ज्या धर्माचा त्यांनी त्याग केला, त्याच धर्माच्या एका शास्त्र्याची ही शिकवण त्यांनी कधी टाकली नाही. ‘केवळ त्याचीच’ हा त्यातला भाग तर त्यांनी बापापेक्षाही कडकपणे पाळला.

भाऊ-बहीण हजारो मैल पायी चालून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच कोणी त्यांना स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यास सुचवले, आणि त्यासाठी त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने वाचू लागल्या. त्यांना आढळले ते असे : इतर प्रत्येक बाबतीत हे ग्रंथ एकमेकांविरुद्ध बोलतात, पण स्त्री स्वभावतः वाईट आहे आणि पतीची देवाप्रमाणे पूजा केल्यावाचून तिला गती नाही, यावर सर्वांचे एकमत आहे. म्हणजे स्त्रीच्या बाबतीत देवाची आज्ञा आणि नवऱ्याची आज्ञा यांत अंतरच उरत नाही. देव आणि आपण यांच्यामध्ये कोणीतरी माणूस उभा आहे आणि तोच देवाच्या नावाने बोलत आहे, ही जाणीव रमाबाईंना प्रथम झाली ती येथे, ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी.

पुढचे प्रसंग झपाट्याने घडले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून वाटखर्च जमवून १८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला निघाल्या. धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी निघताना सांगितले होते. वाँटेजला सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्यांनी राहावे आणि पुण्यास जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे, असे ठरले होते.

वैद्यकीचा विचार कानांच्या दुखण्यामुळे सोडून द्यावा लागला. ऐकू येणे कमी होत चालले होते. पण लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी एक आश्रम पाहिला. ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना भगिनी तेथे सांभाळत होत्या. अशा स्त्रियांकडे दयेने पाहणारी माणसे रमाबाईंनी त्याआधी पाहिली नव्हती. हे कशासाठी करता, असे विचारल्यावर एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची कथा, त्यांना वाचून दाखवली. बुद्धीला पटवण्याचे काम केले ते दुसऱ्या एका ब्राह्मणाने. काशीचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या पत्रांनी आणि लेखांनी.

बाप्तिस्म्याआधीच्या दिवसांवर एका मृत्यूची छाया आहे. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची मराठी मैत्रीण इंग्लंडला आली होती. आपल्याला बळाने बाटवतील या धास्तीने तिचे मन ढळले आणि तिने आत्महत्या केली. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांमधील अंतर इतके थोडे आहे की कोणत्याही बाजूच्या चरित्रकाराला त्यावरून सहज पुढे जाता येत नाही.

खरा वाद सुरू झाला तो यानंतर. मठाच्या दृष्टीने नव्या ख्रिस्ती माणसाचा पहिला गुण म्हणजे विनम्र आज्ञाधारकता. मंडळीने शिकवावे, नव्याने आलेल्याने ऐकावे. जेराल्डीनबाईंना रमाबाईंच्या प्रश्नांत अहंकार दिसे. रमाबाईंना त्या उपदेशात जुन्या परिचयाचा आवाज ऐकू येई.

वाद कशाकशावर झाला हे पाहण्याजोगे आहे. रमाबाई मांस आणि अंडी खात नसत. जेराल्डीनबाईंच्या मते तो जातीचा शिल्लक राहिलेला अभिमान होता. रमाबाईंनी उत्तर धाडले की हवे तर माझा अभिमान भातात, दुधात, बूटमोज्यांत आणि रोज शेगडीत जळणाऱ्या कोळशातही शोधा. एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत जाऊन राहिली आणि तिने आपल्या चालीरीती बदलल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? या पत्रात थट्टा आहे, पण प्रश्न थट्टेचा नाही. देवाची इच्छा कोणती आणि इंग्लंडची सवय कोणती, हे निवडून वेगळे करायला त्या सांगत होत्या.

क्रुसाचेही तसेच झाले. मठातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती. लॅटिन आपल्याला आणि आपल्या देशबांधवांना कळत नाही, ही त्यांची सरळ अडचण होती. पुढे त्यांनी असेही विचारले की ब्राह्मण जसे संस्कृतला देवभाषा मानतात, तशी लॅटिन ही देवदूतांची भाषा आहे असे तुमचे मत आहे काय? ज्या बाईचा बाप संस्कृत शिकवल्याबद्दल धर्मसभेपुढे उभा राहिला होता, तिने पवित्र भाषेच्या दाव्याला इतक्या सहजी मान तुकवावी, ही अपेक्षाच जरा भाबडी होती.

मग बिशप आले. चेल्टनहॅमच्या प्रमुख डोरोथिया बील या उदार विचारांच्या होत्या, आणि रमाबाईंनी शिकवावे याला त्यांचे प्रोत्साहन होते. पण शिकणाऱ्यांत तरुण पुरुषही असणार हे कळताच लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली : अशाने हिंदुस्थानात परतल्यावर तिचे वजन कमी होईल. रमाबाईंचे म्हणणे असे की आईच्या शिकवण्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, माझ्या शिकवण्याला माझ्या पतीने घेतली नाही, आणि आता परकी माणसे ती घेतात याचे नवल वाटते. त्या दोन बिशपांना आपल्यासाठी ठरवण्याचा अधिकार कोणी दिला, हे त्यांना समजेना.

याहून खोल मतभेद सिद्धान्ताचा होता. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीपासून झालेला जन्म यांपैकी काही गोष्टी त्यांच्या मनाला त्या काळी पटत नव्हत्या, आणि न पटलेले त्या म्हणायला तयार नव्हत्या. आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत, इंग्लंडच्या एका पंथात नव्हे, असे त्यांचे मत होते. मंडळीचा आवाज ऐका, असे जेराल्डीनबाई लिहीत. कोणत्या मंडळीचा, असे रमाबाई विचारीत. एवढे पंथ, प्रत्येकाचा दावा की देवाची इच्छा आपल्यालाच कळली. आपल्याला विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे, आणि ती देणाऱ्या देवाने ती वापरण्याचीही जबाबदारी दिली आहे, या मुद्द्यावरून त्या हलल्या नाहीत. मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरूनही खडाजंगी झाली. आपण स्वतः न मानलेले मत मनोरमेला परस्पर शिकवले जाऊ नये, अशी आई म्हणून त्यांची अट होती.

जेराल्डीनबाईंना खलनायिका करणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांनी मायलेकींवर मनापासून प्रेम केले. शिवाय हा पत्रव्यवहार आज वाचता येतो तो त्यांच्यामुळेच. आपल्याला टोचणारी पत्रेही त्यांनी जपून ठेवली, त्यांवर टिपणे लिहिली, आणि तो संग्रह १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये आले आणि खपले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या नावाने मंडळ स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळाले. आधाराची अट एकच, शाळा कोणत्याही पंथाची नसावी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. ब्राह्मण विधवांना आपले आचार पाळण्याची पूर्ण मुभा होती. सल्लागार मंडळावर रानडे आणि भांडारकर होते. धर्मशिक्षण देत नाही म्हणून काही मिशनरी उलट रमाबाईंवरच नाराज झाले.

तरीही हे चित्र चार वर्षेच टिकले. त्याचे एक कारण रमाबाईंच्या अंतरंगात घडले होते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना असे जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नाही. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून त्या अंतर्मुख झाल्या. आतापर्यंत त्यांनी धर्माची मते तपासली, निवडली, नाकारली होती. आता त्यांनी स्वतःला विनाअट देवाच्या स्वाधीन केले. ज्या त्रैक्याविषयी त्यांनी वाँटेजला इतके दिवस वाद घातला ते आता त्यांनी मानले, आणि तेही कोणत्या बिशपाने सांगितले म्हणून नव्हे. हा बदल त्यांच्या विरोधकांना कधी नीट कळला नाही. मित्रांनाही क्वचितच कळला.

सदनात रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या, काहींच्या मनात ख्रिस्ताविषयी ओढ निर्माण झाली. पुण्यात ओरड झाली, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रमाबाईंची भूमिका अशी की कोणावर सक्ती नाही, पण माझी स्वतःची प्रार्थना मी दार लावून चोरून करणार नाही, आणि उघड्या दारातून येणाऱ्या मुलीला हाकलणारही नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी बोस्टनला कळवून संबंध तोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे रमाबाईंच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होणे सोपे नाही. त्या स्वतः अटीचा शब्दशः भंग करीत नव्हत्या, हे खरे. पण ज्या मुलीचे केस उतरवले गेले, जिला सासरी-माहेरी कोणी विचारीत नाही, जिला या एका बाईने जवळ घेतले, तिच्या दृष्टीने त्या उघड्या दाराचे आकर्षण निव्वळ धार्मिक असू शकेल काय? पालकांनी मुली दिल्या होत्या त्या ‘येथे धर्म शिकवला जाणार नाही’ या विश्वासावर. रानड्यांनी या बाईला जी साथ दिली होती ती पुण्यात फार थोड्यांनी दिली असती. त्यांची तक्रार निव्वळ कर्मठपणाची नव्हती. ज्या युक्तिवादाने रमाबाईंनी वाँटेजला स्वतःचे स्वातंत्र्य राखले, तोच युक्तिवाद या मुलींच्या वतीने मांडणारा कोणी त्या खोलीत नव्हता. त्याच वर्षी सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी वेगळी, हिंदू संस्था काढली.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. पाने खाऊन जगलेले ते जुने दिवस त्यांच्या अंगात होते. उपाशी मुलीकडे पाहून तिला काय होत आहे हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्यांनी मुली आणायला सुरुवात केली, शेकड्यांनी. जात विचारली नाही. हा फरक मोठा आहे. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते, आणि आता दारात कोणीही येत होते.

इकडे पुण्यात प्लेग शिरला आणि एवढ्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू ठोकून सर्वांना हलवले. १८९७ च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात पुण्याच्या प्लेग व्यवस्थेवर, विशेषतः तेथील स्त्रियांच्या असुरक्षिततेवर, उघड पत्र लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने ते आरोप नाकारले. ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांची झाली, असा जो समज होता त्याला या पत्राने चांगलाच धक्का बसायला हवा होता. तसा तो बसला नाही.

केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरे, छापखाना सुरू झाला. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तेथे दीड हजारांहून अधिक माणसे होती. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय मनोरमेने केली. कोणत्याही मिशनचा कायमचा आधार नव्हता. जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा रमाबाईंवर प्रभाव होता, आणि त्यांच्याप्रमाणेच गरज पडली की आधी प्रार्थना, असा त्यांचा शिरस्ता होता. देवाच्या इच्छेवर विसंबणे ही येथे दुपारच्या भाकरीची गोष्ट होती.

मुक्तीतील शिस्त कडक होती, आणि ती रमाबाईंची होती. वाँटेजला आज्ञाधारकतेवर प्रश्न विचारणारी बाई केडगावला शेकडो मुलींची आई, शिक्षिका आणि धर्मोपदेशक झाली. तिचा शब्द अखेरचा. या विसंगतीकडे चरित्रकारांनी बहुधा काणाडोळा केला आहे. मात्र एका प्रसंगी रमाबाईंनी लगाम मुद्दाम सैल सोडला. १९०५ मध्ये मुक्तीत संजीवनाची लाट आली. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करीत, एकदम शेकडो आवाजांत प्रार्थना करीत. बाहेरच्यांना, त्यांत ख्रिस्तीही होते, हा उन्माद वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे की पाश्चात्त्य ख्रिस्ती माणूस शांत बसून प्रार्थना करतो ती त्याची रीत. हिंदी माणसाला देव भेटला तर तो आपल्या रीतीने रडेल, नाचेल. आत्म्याचे काम इंग्रजी शिष्टाचारात बसवायला हवे असे देवाने कुठे सांगितले आहे? कोळशाच्या आणि क्रुसाच्या पत्रांतली बाई येथे पुन्हा दिसते.

त्याच सुमारास त्यांनी आयुष्यातले अखेरचे मोठे काम हाती घेतले. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर त्यांना दोन कारणांनी खटकत होते. भाषा संस्कृतप्रचुर, आणि अनेक शब्दांना वेदान्ताचा वास. केडगावच्या मुलींत कुणबी होत्या, महार होत्या, दुष्काळातून आलेल्या निरक्षर होत्या. देवाची आज्ञा पाळायची तर ती आधी कळली पाहिजे. आणि पंडिताने समजावून सांगितल्यावाचून कळत नसेल तर पंडित पुन्हा मध्ये उभा राहिलाच. ज्या बाईला कलकत्त्याने सरस्वती म्हटले तिने आपले संस्कृत बाजूला ठेवले आणि पन्नाशीच्या आसपास हिब्रू व ग्रीक शिकून, संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. हे भाषांतर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सर्वत्र रूढ झाले नाही. साधेपणाच्या आग्रहापायी काही ठिकाणी ते ओबडधोबड वाटते, हेही मान्य केले पाहिजे. एका स्त्रीने मूळ भाषांवरून एकटीने अख्खे बायबल उतरवल्याचे उदाहरण मात्र सहजासहजी सापडणार नाही.

काम सतरा वर्षे चालले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा ४० व्या वर्षी वारली. जिच्या हाती मुक्ती सोपवायची तीच गेली. रमाबाईंचे कान केव्हाच गेले होते, प्रकृती ढासळली होती. त्या मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची पाने पुरी होईपर्यंत आयुष्य दे, अशी प्रार्थना त्यांनी केली होती, असे मुक्तीत सांगितले जाते. भाषांतर पुरे झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात आज ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणाचा आहे. ज्या चर्चच्या बिशपांचा शब्द त्यांनी देवाचा शब्द मानला नाही, त्याच चर्चने हा दिवस ठेवला आहे. तेथे त्यांचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या ‘मेरी’सह छापले जाते, आणि नावापुढे ओळख म्हणून एवढेच लिहिलेले असते : पवित्र शास्त्राची भाषांतरकार.